अधिवेशन संपल्यावर आमदारांनी मतदारांना काय सांगावं आणि बैठका कशा घ्याव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आमदार पहिल्यांदाच निवडून आलेत, त्यांच्या कार्यालयाचं काम तुम्ही पाहता. अधिवेशनात काय झालं ते लोकांना कळवायचंय आणि गावोगाव बैठकाही घ्यायच्यात. पण पत्रक कुणी वाचत नाही आणि बैठकीत नुसते अर्ज गोळा होतात.

दोन्ही अडचणींचं मूळ मला एकच दिसतं. काम नेमकं कुठल्या टप्प्यावर आहे, हे लोकांना सांगितलंच जात नाही. म्हणून पहिला नियम हा करा, की 'मंजूर' हा शब्द पत्रकात एकटा कधीच छापायचा नाही. कुणी मंजूर केलं, कधी केलं आणि आता काय बाकी आहे, हे सोबत आलंच पाहिजे.

विधेयकाचंच बघा. ते सभागृहात मांडलं जातं, कधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जातं, मग विधानसभेत आणि विधान परिषदेत संमत होतं. त्यानंतर राज्यपालांची (काही विधेयकांना राष्ट्रपतींची) अनुमती, राजपत्रात प्रसिद्धी, अंमलाची तारीख आणि शेवटी नियम. तलाठ्याच्या टेबलावर किंवा पोलीस ठाण्यात फरक पडतो तो बहुधा शेवटच्या दोन टप्प्यांनंतर. कित्येक अधिनियमांत 'शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमील त्या दिनांकास' असं लिहिलेलं असतं. म्हणजे कायदा छापून झाला तरी लागू झालेला नसतो. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलं, राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी पाठवलं गेलं आणि कायदा म्हणून कधी लागू झालंच नाही. तेव्हा 'कायदा झाला' असं ज्यांनी छापलं, त्यांच्या पत्रकावर लोकांनी पुढं का विश्वास ठेवावा?

उलट बाजूही लक्षात ठेवा. समितीचा टप्पा हीच लोकांना बोलायची संधी असते आणि नेमकी तीच बातमी पत्रकात येत नाही. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये विधानसभेत मांडलं गेलं, पण त्या विधानसभेत ते संमत झालं नाही. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात ते पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे पाठवलं. समितीने नागरिकांकडून १ एप्रिल २०२५ पर्यंत सूचना मागवल्या, त्या १२ हजारांहून जास्त आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत संमत झालं. अशी मुदत चालू असेल तेव्हा अधिवेशन संपायची वाट पाहू नका. विधेयकाचा क्रमांक, सूचना कुठे पाठवायच्या आणि शेवटची तारीख, एवढंच त्याच दिवशी कळवा.

मजकूर वर्तमानपत्रावरून लिहू नका. विधेयकाची प्रत विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. आधी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' वाचा, त्यात सरकारचं कारण कळतं. मग वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचं ज्ञापन वाचा. फी, मुदत, अर्जाचा नमुना अशा कोणत्या गोष्टी नियमांवर सोडल्यात ते तिथे दिसतं. सुधारणा विधेयक असेल तर मूळ कलम शेजारी ठेवल्याशिवाय एक ओळही लिहू नका. 'या मजकुराऐवजी पुढील मजकूर दाखल करण्यात येईल' ही भाषा वाचकापर्यंत जाऊ द्यायची नाही. समजा मुदत बदलली असेल, तर 'पूर्वी ३० दिवस, आता १५ दिवस' इतकं सरळ लिहा. एका विधेयकाला १०० ते १२० शब्द पुरतात आणि एका पत्रकात तीनपेक्षा जास्त विधेयकं नकोत. मतदारसंघाशी संबंध असलेली निवडा, बाकीच्यांची फक्त नावं आणि टप्पा द्या.

आमदारांनी स्वतः काय केलं ते लिहिताना 'आवाज उठवला' टाळा. कोणतं आयुध, म्हणजे सभागृहात विषय मांडायचा कोणता मार्ग, वापरलं ते लिहा, कारण प्रत्येकातून मिळणारं फळ वेगळं असतं. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, पण प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न पुकारले जातात. बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर येतात आणि तीही तुमच्या उपयोगाची असतात. लक्षवेधी सूचनेवर मंत्र्यांना निवेदन करावं लागतं. औचित्याच्या मुद्द्याला मात्र लगेच उत्तर मिळेलच असं नाही. मंत्र्यांनी शब्द दिला असेल तर तो जसाच्या तसा, तारखेसह छापा. सभागृहातली आश्वासनं पाळली गेली की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते आणि पाठपुराव्यात तोच कागद कामी येतो. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात, त्यात कोणी कसं मत दिलं याची नोंद राहत नाही. तेव्हा 'बाजूने मतदान केलं' असं लिहिण्यापेक्षा आमदारांची भूमिका आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती लिहा.

इथे दोन ठिकाणी चूक महागात पडते. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेला मजकूर छापला तर विशेषाधिकारभंगाचा प्रश्न येऊ शकतो. कार्यवाहीची असुधारित प्रत वापरताना हे खास तपासा. आणि आमदार एखाद्या समितीवर असतील तर अहवाल सभागृहात सादर होईपर्यंत समितीतली चर्चा किंवा मसुदा बाहेर सांगायचा नाही, बैठकीत तोंडीसुद्धा नाही.

निधीच्या बाबतीत 'मंजूर' शब्द सगळ्यात जास्त घात करतो. पुरवणी मागणीत (वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चात) किंवा अर्थसंकल्पात तरतूद, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश असा तो प्रवास आहे. तरतुदीच्या दिवशी नारळ फोडला की लोक दुसऱ्या महिन्यापासून जेसीबीची वाट बघतात. स्थानिक विकास निधीचंही तसंच. वर्षाला ५ कोटी हा आकडा लोकांना माहीत असतो, पण आमदार फक्त काम सुचवतात आणि मान्यता जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मिळते, हे माहीत नसतं. गावनिहाय कामांची यादी द्या आणि प्रत्येक कामापुढे यातला एकच टप्पा लिहा. लोक पत्रक जपून ठेवतील ते याच यादीसाठी.

पत्रक ए-फोर कागदावर पाठपोट, अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. मोठा फोटो काढून टाका, ती जागा यादीला द्या. ग्रामपंचायत, रेशन दुकान, एसटी स्टँड आणि दूध डेअरी इथे चिकटवा. व्हॉट्सॅपवर पीडीएफ फार थोडे उघडतात, म्हणून तोच मजकूर साध्या अक्षरांत १५० शब्दांत पाठवा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ क्रमांकच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. निरोप पोचत नसल्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

आता बैठका. ही ग्रामसभा नव्हे, हे आधी तुमच्या कार्यकर्त्यांच्या मनात पक्कं करा. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्याचा आधार असतो, आमदारांच्या बैठकीत हात वर करून ठरलेल्या गोष्टीला तो नाही. एखादं काम ठरावातूनच जायला हवं असेल तर लोकांना पुढच्या ग्रामसभेची तारीख सांगा.

एका दिवशी दोनच गावं घ्या, प्रत्येकी दोन तास. शेतीच्या गावात संध्याकाळी सातनंतर लोक मोकळे होतात, पण त्या वेळेला बायका येत नाहीत. त्यांच्यासाठी दुपारी वेगळी बैठक लावा. एकच बैठक घेतलीत तर पाण्याची आणि रेशनची खरी तक्रार तुमच्यापर्यंत येणारच नाही. तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि महावितरणच्या उपअभियंत्यांना निदान दहा दिवस आधी पत्र द्या. सोबत गावातून आलेल्या प्रश्नांची यादी जोडा. ती नसेल तर अधिकारी मोकळ्या हाताने येतात आणि 'बघून सांगतो' म्हणून उठतात.

हार, शाल, सत्कार ठेवूच नका. पहिला अर्धा तास त्यातच जातो आणि लांबून आलेली माणसं निघून जातात. सुरुवातीची १५ मिनिटं आमदारांनी पत्रकातल्या गोष्टी सांगाव्यात, मग प्रश्न. वैयक्तिक अर्ज मंचावर घ्यायचे नाहीत. बाजूला दोन टेबलं मांडा, नोंदवहीत अनुक्रमांक, नाव, मोबाइल, विषय, खातं आणि आधी कुठे अर्ज केला असेल तर त्याचा आवक क्रमांक व तारीख लिहा. अर्जदाराच्या हातात अनुक्रमांकाची पोच द्या.

यातले बरेच अर्ज दाखल्यांचे असतात. ते शिफारशीच्या पत्रावर ढकलू नका. सेवा अधिसूचित असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली तिला मुदत आहे, मुदत उलटल्यावर पहिलं आणि दुसरं अपील आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलाचा नमुना टेबलावर ठेवा आणि भरायला माणूस बसवा. खात्याकडे अर्ज करूनही अडकलेली प्रकरणं जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनाकडे न्यायला सांगा, तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.

आचारसंहिता लागली की निधीच्या घोषणा आणि भूमिपूजन बंद. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाची वेगळी आचारसंहिता असते. बैठक ठरवण्यापूर्वी आपलं गाव तिच्या क्षेत्रात येतं का, ते तहसील कार्यालयात विचारून घ्या. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी काढा, रात्री दहानंतर तो बंद.

बैठकीनंतर १५ दिवसांनी गावच्या फलकावर यादी लावा: अनुक्रमांक, विषय, कोणत्या खात्याकडे कोणत्या तारखेला पाठवला, उत्तर काय आलं. नाव आणि मोबाइल नंबर त्यात नकोत, पोचपावतीवरच्या क्रमांकावरून ज्याला त्याला आपली ओळ सापडते. उत्तर आलं नसेल तिथे 'उत्तर नाही, दुसरं पत्र पाठवलं' असं तारखेसह लिहा. ती ओळ झाकायचा मोह होईल, पण पुढच्या बैठकीला लोक तिच्याबद्दलच विचारायला येतात.