बेळगावजवळच्या खानापुरात राहतो. पहिल्यांदाच गंडमचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतल्या यंत्रमानवाचं, जोडायचं छोटं प्लास्टिक किट घेतोय. कुठलं घ्यावं, कसं जोडावं आणि शोकेसमध्ये कसं ठेवावं?

पहिलंच असेल तर १/१४४ प्रमाणाहून (खऱ्या मापाच्या १४४ वा भाग) मोठं घेऊ नका. मालिकेतला मूळ गंडम, आरएक्स-७८-२, १८ मीटर उंच; १/१४४ मध्ये तो साडेबारा सेंटिमीटरचा होतो. किटच्या श्रेणी असतात: सगळ्यात सोप्या 'एंट्री ग्रेड'चे तुकडे नुसत्या हाताने सुटतात, पण खरी मजा 'हाय ग्रेड'मध्ये. १/१०० चं 'मास्टर ग्रेड' बघून हात शिवशिवतात, मान्य. पण त्यात आतला सांगाडाच आधी उभा करावा लागतो. नवख्याचा धीर सुटतो आणि खोकं माळ्यावर जातं. फारच स्वस्तात दिसलं तर नक्कल समजा. तिचे सांधे ढिले निघाले की हात वर राहत नाहीत.

डिंक लागत नाही. १९८० मध्ये बांदाई या जपानी कंपनीने पहिलं किट काढलं तेव्हा चिकटवायला लागायचं, आता सगळं दाबून बसतं. पुस्तिका जपानी असली तरी चित्रांवर भागतं. तुकडे प्लास्टिकच्या चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये, जोडलेले येतात; 'ए ५' म्हणजे ए अक्षराच्या फ्रेमवरचा ५ नंबरचा तुकडा. नंबर तुकड्यावर नसतो, फ्रेमवर असतो. म्हणून आधीच सगळं कापून ढीग घालू नका, नाहीतर बसा शोधत.

पैसे घालायचेच तर चांगल्या निपरमध्ये, म्हणजे तुकडे कापायच्या बारीक पकडीत, घाला. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्यांना हे सांगायला नको: कास्टिंगला चिकटलेले जादा धातूचे दांडे (रनर-गेट) तोडून फेटलिंग, म्हणजे साफसफाई, करतात, तेच काम इथे नखाएवढ्या तुकड्यावर करायचं. पहिला काप तुकड्यापासून थोडा लांब मारा. तुकडा हातात आला की उरलेला खुंट दुसऱ्या कापात काढा, पण तोही अगदी चिकटून नको, केसभर राहू द्या. ते केसभर धारदार ब्लेडने पातळ पातळ तासायचं, मग ६००, ८००, १००० असा पॉलिश पेपर. एकदम चिकटून कापलं की प्लास्टिकवर ताण येतो आणि तिथे पांढरा डाग उमटतो. पांढऱ्या तुकड्यावर तो कळत नाही, निळ्या-लालवर लांबून दिसतो. डाग हलका असेल तर नखाने घासून बघा, बराचसा जातो. दुकानात साधा वायर कटर मिळतो, त्याने पहिला काप चालेल, दुसरा नको.

तुकड्यांवरच्या खाचांच्या रेघा उठवायला बारीक पेन पुरतं: पांढऱ्यावर करडं, लाल-पिवळ्यावर तपकिरी, निळ्यावर काळं. इनॅमलचं पातळ लाइनर (खाचांत ओतायचा रंग) मात्र एबीएस प्लास्टिकच्या सांध्यांत ओतू नका, तडा जातो. स्टिकर चिमट्याने लावा.

आता आपल्या भागाचा खरा प्रश्न. किटची खेळण्यासारखी चकाकी घालवायला वरून मॅट कोट, म्हणजे चकाकी मारणारा पारदर्शक स्प्रे, मारतात, आणि तो जून ते सप्टेंबर खानापुरात मारायचा नाही म्हणजे नाही. स्प्रेतलं सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि सगळ्यावर पांढरी झाक येते. गाड्या रंगवणाऱ्या कुठल्याही पेंटरला विचारा, तोही हेच सांगेल. पावसाळ्यात जोडकाम करा, कोट दिवाळीनंतर. तेव्हाही सकाळच्या धुक्यात नको, ऊन चढलं की मारा, आणि डब्यावरच्या अंतराहून जवळ जाऊ नका.

मांडताना काचेचं दार असलेलं कपाट बघा, पण खिडकीसमोरचं नको. उन्हाने पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. पोझसाठी एकच गोष्ट धरा: भार एका पायावर, कंबर किंचित कलती, खांदे कमरेच्या उलट वळलेले. मग डोकं जिथे बंदूक रोखलीय तिकडे फिरवा. दोन्ही पाय सरळ आणि हात खाली ठेवलात तर पथकातल्या नव्या भरतीसारखा दिसेल. उडती पोझ हवी तर स्टँड बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो. धूळ झटकायला मऊ ब्रश वापरा, फडकं अँटेनात अडकतं.

आणि घरात पोरं असतील तर वरचा कप्पाच. दिवाळीत किल्ला बांधायला लागली की उभी राहणारी कुठलीही वस्तू त्यांना मावळा वाटते. माझ्या भाच्याने गंडमला थेट बुरुजावर पहाऱ्याला नेलं होतं, परत आला तो कपाळावरचा अँटेना गमावून.