दहापैकी सहा कशाचे?

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतची वर्षभराच्या वाचनाची यादी पोचली. एकतीस पुस्तके, त्यांत आत्मचरित्रे, रहस्यकथा, शेअर बाजारावरचे एक, 'रुचिरा', तीन दिवाळी अंक, अर्ध्यावर टाकलेल्या दोन कादंबऱ्या. आणि सर्वांत खाली 'माझ्या वाचनाला काही शिस्तच नाही' ही खंत. ती खंत मनातून काढून टाक. तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे मी अठ्ठावीस वर्षे काढली आणि एकाच जातीची पुस्तके नेणाऱ्या वर्गणीदारांचीच मला अधिक काळजी वाटत आली. एक निवृत्त गृहस्थ फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या नेत. शेवटी शेवटी तीच कादंबरी त्यांना पुन्हा दिली, तरी तिसऱ्या प्रकरणापर्यंत त्यांच्या ते ध्यानात येत नसे. अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकांबद्दलही अपराधी वाटून घेऊ नकोस, फक्त कोणत्या पानावर सोडलेस ते लिहून ठेव.

माझी तक्रार आहे ती तू दिलेल्या गुणांबद्दल. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राला तू दहापैकी सहा दिलेस आणि पुढे लिहिलेस, 'प्रांजळ, पण विस्कळीत'. हे सहा कशाचे आणि चार कुठे गेले? 'प्रांजळ' हा शब्द त्या पुस्तकाबद्दल इतक्या जणांनी वापरला आहे की तो तुला वाचताना सुचला की वाचण्याआधीच कानावर पडला होता, हे तुझे तुलाही सांगता येणार नाही. आता एक जागा पाहा. आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. घरात आलेली वस्तू धुऊन घेतल्याखेरीज त्यांना चालत नसे आणि पाण्यात विरघळणारे मीठही त्यातून सुटत नसे. वाचताना हसू येते. पण या वडिलांच्या सासऱ्यांना अठराशे सत्तावन्नच्या बंडापायी फाशी झाली आणि त्यानंतर हे वेड त्यांच्या डोक्यात शिरले, हे लक्षात आले की ते हसू ओठांवरच थांबते. तुझ्या मताखाली अशी एखादी जागा असती, तर सहा काय आणि नऊ काय, मी हरकत घेतली नसती.

तुझ्याच यादीत त्याच्या वर दोन ओळींवर गोडसे भटजींचे 'माझा प्रवास' आहे. वरसईचा हा कर्जाने गांजलेला भिक्षुक दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे जातो, त्याच बंडात सापडतो आणि झाशी पडते तेव्हा शहरातच असतो. दोन्ही पुस्तके तू एका महिन्यात वाचलीस आणि दोन वेगळ्या खणांत ठेवून दिलीस, याचे मला नवल वाटले. ज्याने बंड डोळ्यांनी पाहिले तो गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतला आणि दुसऱ्या एका घरात तेच बंड कित्येक वर्षे मीठ धुऊन घेत राहिले. नाना तऱ्हेचे वाचणाऱ्यालाच अशा गाठी सापडतात, पण त्यासाठी एक पुस्तक मिटताना दुसरे थोडे उघडे ठेवावे लागते.

आणि तू वाचलेस ते कोणते 'माझा प्रवास'? चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ते प्रथम छापले तेव्हा मजकुरात बरेच फेरफार केले होते; मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली आवृत्ती १९६६ साली निघाली. 'भटजींची भाषा फारच नीटनेटकी वाटली' असे तू म्हणतेस. तुझ्या हाती पहिल्या छापाचा मजकूर असेल, तर ही तक्रार भटजींच्या नव्हे, वैद्यांच्या नावावर मांडायला हवी. म्हणून मत लिहिण्याआधी पुस्तकाचे तिसरे-चौथे पान, म्हणजे आवृत्ती, साल आणि संपादक, पाहण्याची सवय लावून घे. आमच्या दाखल नोंदवहीत हे रकाने होते. वाचकांच्या वहीत ते का नसावेत, हे मला कधी कळले नाही.

हे मी मोठा शहाणा म्हणून सांगत नाही. विशीत मी विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' वाचले आणि वहीत लिहिले, 'नायक दुबळा, गोष्ट फारच लहान'. पुढे चाळिशी उलटल्यावर वडिलांच्या उशाशी रुग्णालयात जागत असताना १९३९ सालची ती कादंबरी पुन्हा हाती आली. जर्मनीतून जीव घेऊन निघालेली ज्यू माणसे, ते जहाज आणि त्यांच्यातल्या हॅर्टासमोर शब्द न फुटणारा नायक चक्रधर वाचताना कळले की ज्याला मी दोष म्हणालो त्या दुबळेपणावरच सगळी कादंबरी उभी आहे. जुनी ओळ मी खोडली नाही, खाली दुसऱ्या शाईने तारीख घालून नवी लिहिली. आज वही उघडली की पुस्तकापेक्षा त्या दोन ओळींमधले अंतरच आधी दिसते.

तुझ्या यादीत मला सर्वांत आवडलेले मत 'रुचिरा'वरचे आहे: 'वाटी-चमच्याचे माप दिल्यामुळे ज्याला काहीच येत नाही त्यालाही धीर येतो, माझी पहिली भाजी मात्र खारट झाली, कारण माझा चमचा मोठा होता.' यात पुस्तक आहे, तू आहेस आणि चूक कुणाची तेही आहे. कादंबऱ्यांबद्दल लिहिताना हा हात एवढा आखडतो का?

पोतदारांची प्रत माझ्याकडे आहे. बांधणी सैल झाली असून मागच्या पानांना कसर लागली आहे, तेव्हा जपून हाताळावी लागेल. दिवाळीत येशील तेव्हा घेऊन जा आणि येताना 'स्मृतिचित्रे'वरचे मत पुन्हा लिहून आण, या वेळी गुण न देता.

तुझा,
काका

ता. क. रहस्यकथा चारच का? मी तुझ्या वयाचा असताना आठवड्याला तीन वाचत असे.