पावसात पानं पिवळी पडली की आधी खताचा डबा बाजूला ठेवा

ताई, तुम्ही लिहिलंय की निपाणीत गच्चीवर वीसेक कुंड्या आहेत, पाऊस लागल्यापासनं मोगरा, गुलाब, कढीपत्ता सगळ्यांची पानं पिवळी पडायलीत, माती ओली असूनपण झाड मान टाकतंय आणि दुकानदार युरिया घाला म्हणतोय. वाचलं आणि मला आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गच्चीवरचा सहा वर्षांपूर्वीचा आषाढ आठवला. युरिया घालू नका. डीएपी हे दाणेदार रासायनिक खतपण नको. बाकीचं पुढं सावकाश वाचा, पण एवढं आज ऐका.

मी काय शेतकी शिकलेली नाही, आमच्या गच्चीवर जे झालं तेवढंच सांगते. त्या वर्षी मिस्टरांच्या मावशीच्या शेतातनं, बैलहोंगलकडनं, पंधरा पोती काळी माती आणली. ज्या मातीत कापूस एवढा जोरात येतो तिथं आपला गुलाब का नाही येणार, असं वाटलं. सगळ्या कुंड्या तीच माती घालून भरल्या, वर गच्ची घाण होऊ नये म्हणून प्रत्येक कुंडीखाली प्लास्टिकची ताटली. काळी माती शेतात चांगली, कुंडीत नाही. पाणी पिऊन ती फुगते, मधली हवेची जागा बंद होते, खालचं भोक बुजतं. मुळाला पाण्याएवढीच हवा लागते. हवा नाही मिळाली की मूळ कुजतं, कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानल्यासारखं दिसतं आणि आपण अजून पाणी घालतो. मी घातलं की, रोज सकाळी, भर पावसाळ्यात!

त्यात एका कार्यालयात माती तपासून मिळते असं कळलं म्हणून पिशवीत माती घेऊन गेले. पहिल्या दिवशी म्हणाले शेताचा उतारा आणा, सर्व्हे नंबर पाहिजे. गच्चीला कुठला सर्व्हे नंबर हो? दुसऱ्या आठवड्यात गेले तर तपासणारे साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला एकानं पिशवी न उघडताच सांगितलं, पानं पिवळी म्हणजे नत्र कमी, युरिया टाका. तीन आठवडे असे गेले. घरी येऊन प्रत्येक कुंडीत एकेक चमचा युरिया घातला. त्यात 46 टक्के नत्र असतं, कुंडीतल्या मूठभर मुळांना चमचा म्हणजे फार झाला, आणि ती मुळं आधीच अर्धी कुजलेली. दहा दिवसांत अकरा झाडं गेली. त्यात आईनं खानापूरकडच्या माहेरातनं आणलेला मोगरा होता, चौदा वर्षांचा. त्या माणसानं पिशवीत नुसता हात घातला असता तरी कळलं असतं, चिखल होता तो. अजून आठवलं की जीव तळमळतो.

तर आता काय करायचं. ताटल्या काढा, कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवा, खालच्या भोकात लोखंडी सळी घालून मोकळं करा. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी नाही, मग आठ दिवस जाऊ देत. ज्याची मान जास्त पडलीय ते झाड कुंडीतनं बाहेर काढा. पांढरं टणक मूळ चांगलं, तपकिरी बुळबुळीत आणि वास मारणारं मूळ कात्रीनं कापून टाका. मूळ कमी झालं म्हणजे वरनंपण तिसरा हिस्सा छाटा, नाहीतर त्याला झेपत नाही. मग दोन भाग तांबडी माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग भाताचं तूस, यात लावून पाऊस लागणार नाही अशा उजेडात ठेवा. तूस भाताच्या गिरणीवर मिळतं, कोकोपीटवर पैसे घालायची गरज नाही असं माझं मत आहे, दुसऱ्या कुणाचं वेगळं असेल. नवीन कोंब दिसेपर्यंत कसलंच खत नाही. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, त्याच्याकडं बघत बसू नका, नवीन पान कसं येतंय ते बघा. नवीनच पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं असेल तर ती लोहाची कमी, ते काळ्या चुनखडीच्या मातीत होतंय, तो विषय वेगळा.

शेणखत मात्र ताजं नको, ताज्यात हुमणीची अंडी येतात आणि ती अळी मुळं खाते.

वर्षभराचं विचारलंय म्हणून थोडक्यात सांगते. माती बदलणं, कुंडी बदलणं हे मृगाच्या आधी, वळवाचे एक-दोन पाऊस झाले की उरकायचं. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई वेचायच्या, दुसरा सोपा उपाय मला सापडला नाही. गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, दसऱ्यानंतर, मग दीड-दोन महिन्यांत फुलं. मेथी, कोथिंबीर, चुका पण तेव्हाच पेरा. थंडीत कढीपत्ता पानं गाळतो, तो मेलेला नसतो, पाणी कमी करा आणि गप्प बसा. मोगरा जानेवारीत छाटला की उन्हाळ्यात भरतो. पाडव्यापासनं मातीवर पाचट नाहीतर वाळका पाला पसरा, नळाला पाणी रोज येत नाही तेव्हा त्याचाच आधार. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच त्याला सांभाळतात, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारा.

शेवंतीचं एक कुणी सांगत नाही. ती रात्र मोठी झाली की फुलते, तुमच्या गच्चीवर रस्त्याच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल तर तिला नुसती पानंच येत राहतात. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवा.

आणि तुमच्या निपाणीत तंबाखूची भुकटी सहज मिळते, म्हणून बरेचजण तिचं पाणी फवारतात. पालेभाजीवर अजिबात नको, ते विष आहे. टोमॅटो-मिरचीजवळपण नको, तंबाखूतला विषाणूजन्य रोग त्यांना लागतो.

हे सगळं आमच्या बेळगाव बाजूच्या पावसाचं झालं. तुमच्याकडं पाऊस जरा कमी, अथणीकडच्या कोरड्या भागातल्या माणसानं तर यातलं पाणी तोडायचं असंच्या असं करू नये.

एक अजून. मोगरा सासूबाईंच्या हातचा आहे म्हणालात. त्याच्या अजून हिरव्या असलेल्या चार-पाच फांद्या वीतभर कापून, खालची पानं काढून, वाळू आणि तांबड्या मातीत आजच लावा, या हवेत त्या धरतात. मोठं झाड वाचेल की नाही हे मी सांगू शकत नाही. मी त्या वेळी एकही फांदी लावून ठेवली नव्हती.