वहीत गुण नाहीत, मग पाहायचे काय?

इंग्लंडमधील एका आईने विचारले आहे की, मुलीच्या वहीत ना गुण असतात ना क्रमांक. बाईंची एखादी ओळ आणि तिच्याखाली मुलीने जांभळ्या पेनने केलेली खाडाखोड तेवढी दिसते. मग अभ्यास नीट चालला आहे हे ओळखायचे कसे?

ती खाडाखोड हाच अभ्यास आहे. तिथल्या अनेक प्राथमिक शाळांत शिक्षक सूचना लिहितात आणि मूल वेगळ्या रंगाच्या पेनने दुरुस्ती करते. मूळ चूक पुसायची नसते, कारण चूक आणि दुरुस्ती शेजारी शेजारी राहिली, तरच आपण कुठे अडलो हे मुलाला दिसते.

गुण न देण्यामागेही कारण आहे. रूथ बटलर यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या इस्राएलमधील अभ्यासात पाचवी-सहावीच्या काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरे आणि काहींना दोन्ही देण्यात आले. फक्त शेरे मिळालेल्यांचे काम सुधारले. दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्यांचा फारसा उपयोग झाला नाही. गुण दिसले की शेरा कोण वाचतो, हे आपल्या प्रगतिपुस्तकांवरून आपल्याला ठाऊक आहेच! म्हणून घरी ‘किती पैकी किती?’ असे विचारून शाळेने बाजूला ठेवलेला आकडा पुन्हा आणू नका. बाईंची ओळ मुलीला वाचून दाखवायला सांगा आणि त्यानंतर तिने काय बदलले ते विचारा. ओळ नुसतीच ‘छान’ अशी असेल, तर पालकभेटीत ‘पुढे नेमके काय सुधारायचे?’ असे शिक्षकांना अवश्य विचारा.

‘इयर 6’च्या, म्हणजे तिथल्या प्राथमिक शाळेतल्या शेवटच्या इयत्तेच्या अखेरीस, मे महिन्यातल्या राष्ट्रीय चाचण्यांत आकडे येतात, पण ते 80 ते 120 या मापावरचे असतात. त्यातले 100 म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे, तर अपेक्षित पातळी. आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

एक गोष्ट पत्रात नाही, तरी सांगतो. शाळेतल्या चुकांबाबत उदार असलेले आपण मुलांच्या मराठीला मात्र हसतो, तेही व्हिडिओ कॉलवर साऱ्या नातेवाइकांसमोर. मुलगी ‘मला भूक आहे’ म्हणाली, तर तिला अडवून वाक्य पुन्हा म्हणायला लावू नका. ‘भूक लागली का? ये, पोळी वाढते,’ एवढे म्हणा आणि ताट वाढा.