‘सेट’: शब्द एक की दोन?

‘दागिन्यांचा सेट, नाटकाचा सेट आणि घड्याळ सेट करणे, या सगळ्यांत शब्द एकच आहे का, आणि एवढ्याशा शब्दाला इतके अर्थ कोठून आले?’ असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. उच्चार सारखा झाल्यामुळे ते पुढे एकमेकांत मिसळले.

पहिला शब्द क्रियापदाचा आहे. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीत ते ‘सेट्टन’ असे होते. मराठीत ‘पडणे’चे ‘पाडणे’ होते, तसेच इंग्रजीत ‘फॉल’चे (पडणे) ‘फेल’ (झाड पाडणे; नापास होणे या अर्थाचा ‘फेल’ नव्हे) झाले आणि ‘सिट’चे ‘सेट’. संस्कृतातील ‘सद्’ धातू याच कुळातला असून ‘सीदति’चे प्रयोजक रूप ‘सादयति’ हे थेट ‘सेट’चे भावंड ठरते, ‘संसद’, ‘सभासद’ आणि ‘उपनिषद’ या शब्दांतही तोच धातू आहे. मराठी ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’पासून, जुन्या ‘बैसणे’मार्गे आले आहे, म्हणून अर्थ जुळला तरी त्याचे मूळ निराळे आहे.

अर्थांची संख्या का वाढली, हे ‘बसवणे’कडे पाहिले की कळते. आपण कोंदणात खडा बसवतो, निखळलेले हाड बसवतो, घरी गणपती बसवतो आणि तालमी घेऊन नाटक बसवतो. एखादी वस्तू तिच्या जागी नीट ठेवणे ही मूळ कल्पना एकदा रुजली की तिला अशा फांद्या फुटतातच. खडा आणि हाड यांच्यासाठी इंग्रजीतही ‘सेट’च येतो, पण मराठीत जे काम ‘बसवणे’, ‘लावणे’ आणि ‘मांडणे’ वाटून घेतात, ते तेथे बरेचसे या एकाच क्रियापदावर पडते. म्हणूनच ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत या क्रियापदाचे सुमारे 430 अर्थ नोंदवलेले होते. नाटकाचा सेट, म्हणजे रंगमंचावर उभारलेले दृश्य, याच क्रियापदातून आला. मराठी लिहिताना ‘अलार्म सेट केला’पेक्षा ‘अलार्म लावला’ मला अधिक योग्य वाटते, कारण ते क्रियापद आजही घराघरांत जिवंत आहे.

दागिन्यांचा सेट मात्र दुसऱ्या शब्दाचा वंशज आहे. लॅटिनमधील ‘सेक्टा’ म्हणजे अनुयायांचा गट. तो जुन्या फ्रेंचमधील ‘सेट’मार्गे इंग्रजीत आला. पंथ या अर्थाचा इंग्रजी ‘सेक्ट’ही त्याच मुळाचा. या ‘सेक्टा’च्या मागे ‘मागोमाग जाणे’ या अर्थाचा ‘सेक्वि’ धातू आहे आणि त्याचे संस्कृत भावंड म्हणजे ‘सच्’, सोबत असणे. आपला ‘सचिव’ त्याच ‘सच्’पासून झाला आहे. माणसांच्या गटावरून हा शब्द जुळत्या वस्तूंच्या समूहाला लागू झाला, पण तोवर पहिल्या ‘सेट’ची छाया त्यावर पडली होती आणि ‘एकत्र मांडलेले’ असा भावही त्यात आला.

गणितात याच ‘सेट’ला आपण ‘संच’ म्हणतो. ‘सम्’ आणि ‘चि’ यांपासून, म्हणजे एकत्र गोळा करण्यावरून, तो सिद्ध झाला आहे. वरच्या दोन्ही मुळांशी त्याचे नाते नाही.