पहिली स्पोर्ट्स बाइक निवडताना
यामाहा आर १५ आणि केटीएम आरसी ३९० यांपैकी पहिली गाडी कोणती घ्यावी, असे तुम्ही विचारत असाल, तर माझा स्पष्ट कौल आर १५ ला आहे. १५५ सीसी इंजिनाची सुमारे १८ अश्वशक्ती कागदावर कमी वाटते. परंतु कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या आखूड, वळणदार ट्रॅकवर वळणातला वेग टिकवायला हीच गाडी शिकवते, कारण गमावलेला वेग भरून काढण्याइतकी ताकद तिच्यात नसते, तर ३७३ सीसीचे इंजिन सरळ पट्ट्यावर तुमच्या चुका झाकून टाकते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या रेसट्रॅकच्या एक किलोमीटरहून लांब सरळ पट्ट्यावर मात्र आरसीचेच पारडे जड राहील.

रस्त्यावर दोन्ही गाड्यांचा भार मनगटांवर येतो. मांड्यांनी टाकी घट्ट धरल्यास तो बराच हलका होतो.

स्वस्त आर १५ घेऊन वाचलेले पैसे कृपया नव्या एक्झॉस्टवर (सायलेन्सरवर) घालवू नका. आधी चामड्याचा सूट, बूट आणि हातमोजे घ्या, मग ब्रेक ऑइल बदला. ते हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि सलग जोरदार ब्रेकिंगनंतर लीव्हर मऊ पडतो. कोकणासारख्या दमट हवेत राहणाऱ्यांनी तर ट्रॅकवर जाण्यापूर्वी ते अवश्य बदलावे.