चित्रकला येत नसताना कलेने मन हलकं होतं का?

तुम्ही विचारलंय की आईला जाऊन चार महिने झाले, मन सुन्न आहे, रडूही येत नाही. शाळेनंतर ब्रश हातात धरलेला नाही. गोव्यात, फोंड्याला घरीच बसून काही करता येईल का, आणि सुरुवात कशाने करायची?

करता येईल, आणि चित्र न येणं आड येत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ प्रौढांना माती, मार्कर, कात्रणं देऊन ४५ मिनिटं हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के जणांत ते उतरलं, आणि कलेचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावरून दुःख बरं होतं असं म्हणता येणार नाही. पाऊण तासाचं माप मात्र त्यातून जरूर घ्या.

बहुतेक जण आधी जलरंग आणतात. मी ते सुरुवातीला नको म्हणेन. पाणी थोडं जास्त झालं की रंग हाताबाहेर पळतो, आणि मन आधीच सैरभैर असताना ते सोसत नाही. शिवाय आपल्या पावसाळ्यात कागदच दमट असतो. पहिला थर सुकायच्या आत दुसरा लावला की सगळं गढूळ. हाताला थोडा विरोध करणारी वस्तू हवी. ती म्हणजे माती.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी जवळच्या चित्रशाळेत, गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथे विचारा, एरवी डिचोलीकडच्या कुंभारांकडे. किलोभर चिकणमाती पुरे. चपातीच्या कणकेपेक्षा थोडी घट्ट हवी. बोटांना चिकटत असेल तर ओली आहे. जुन्या सुती कापडावर पसरून ठेवा. पाच मिनिटं नुसती मळा, तळव्याच्या टाचेने, वजन टाकून. घाईने उरकू नका, खांदे सैल होतात ते इथेच. मग पेरूएवढा गोळा घ्या, मध्ये अंगठा रुतवा, तळाला बोटभर जाडी राखा. गोळा फिरवत अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत भिंत दाबत वर आणा. काठाला भेगा पडल्या तर ओलं बोट फिरवा. पाणी ओतलंत की भिंत बसते. वाटी वाकडी होईल, होऊ द्या.

आईचा चेहरा करायला लगेच जाऊ नका. हुबेहूब जमत नाही, आणि त्या न जमण्याचं दुःख वेगळंच बोचतं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला की ‘छान’ म्हणणारे येतात, आणि पुढच्या वेळी हात त्यांच्यासाठी चालतो. शेवटी वहीत एकच ओळ लिहा: आत्ता अंगात कुठे काय जाणवतंय? आठवड्यातून दोनदा, महिनाभर.

मध्येच रडू फुटलं तर थांबवू नका. पण छाती धडधडायला लागली, नको ते प्रसंग डोळ्यांपुढे येत राहिले, तर माती झाका, तोंडावर गार पाणी मारा, कुणाजवळ तरी जाऊन बसा. रात्री झोप नाही, जेवण जात नाही असं दोन आठवडे चाललं, तर नुसत्या मातीवर विसंबू नका. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा. जगणं नकोसं वाटलं तर लगेच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तो चोवीस तास चालू असतो.

वाटी ठेवायची की मोडायची, ते तुम्हीच ठरवा. मोडायची असेल तर आधी पूर्ण सुकू द्या, पावसात आठवड्याहून जास्त लागतो. अर्धवट ओल्या मातीचे गोळे राहतात. कोरडी वाटी मात्र बादलीत ठेवली की बुडबुडे सोडत हळूहळू ढासळते. ते पाणी मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. माडाच्या आळ्यात घाला.